आठ दिवस कोरडे गेले म्हणून नववा ओला ठरत नाही

प्रश्न गंगाखेड तालुक्यातून आलाय. विचारणारी मुलगी कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती लिहिते: "संख्याशास्त्राच्या पेपरला मार्कोव्ह साखळी आहे. सरांनी फळ्यावर दोन बाय दोनचा तक्ता काढला, तो पाठ झाला, पण कशासाठी ते काही कळलं नाही. इकडे घरी सोयाबीन पेरून आठ दिवस झाले, पावसाचा थेंब नाही. अण्णा म्हणतात, एवढी उघडीप झाली, आता येतोच बघ. आज जर कालच्यावर अवलंबून असेल, तर अण्णांचं बरोबर का? आणि तालुक्याच्या पावसाच्या नोंदी मिळाल्या तर हे मला स्वतःला काढता येईल का?"

आधी अण्णांचं बघू. त्यांचं बरोबर नाही. आणि राग मानू नका, पण अण्णांची ही चूक परभणीत मी शिकवलेल्या प्रत्येक वर्गात निम्म्याहून जास्त मुलांनी केलेली आहे. "सलग तीन मुली झाल्या, आता मुलगाच होणार" म्हणणाऱ्या आज्या आपल्याकडे घरोघरी होत्या. त्यातून किती बायकांच्या वाट्याला काय काय आलं ते वेगळं सांगायला नको. चौथ्या वेळी शक्यता जवळपास तीच, निम्मी-निम्मी. आधीच्या तीन बाळंतपणांची उधारी चौथ्यावर चढत नाही.

पाऊस मात्र बाळंतपणासारखा नाही. तिथे आज खरोखरच कालच्यावर अवलंबून असतो, हे तुमचं बरोबर. गंमत अशी की अवलंबून असतो तो अण्णांना वाटतं त्याच्या नेमका उलटा. अण्णांच्या मनातलं आभाळ सावकारासारखं आहे: आठ दिवसांचं थकलेलं देणं त्याच्या वहीत मांडलंय आणि आता ते चुकतं करायची वेळ झाली. साखळीतलं आभाळ वही ठेवत नाही. त्याला एवढंच ठाऊक असतं की काल कोरडं होतं, आणि काल कोरडं असेल तर आजही कोरडं जायचा कल जास्त. परवा काय झालं, गेल्या आठवड्यात काय झालं, हे कालच्या दिवसातून जेवढं आज उतरलं तेवढंच. मार्कोव्ह साखळीची व्याख्या खरं तर एवढीच आहे: आजची अवस्था कळली की मागचा इतिहास उद्याबद्दल जास्तीचं काही सांगत नाही.

आता हे फळ्यावरून वहीत आणू. समजा एका गावातल्या पंधरा दिवसांची नोंद अशी आहे. 'ओ' म्हणजे ओला दिवस, 'को' म्हणजे कोरडा:

को को ओ ओ ओ को को को को ओ को को ओ ओ को

पंधरा दिवस म्हणजे लगतच्या दिवसांच्या चौदा जोड्या. डाव्या बाजूने बोट ठेवत जा. पहिली जोडी को-को, दुसरी को-ओ, तिसरी ओ-ओ. शेवटपर्यंत गेलात की कोरड्यावर कोरडा पाच वेळा, कोरड्यावर ओला तीन वेळा, ओल्यावर ओला तीन वेळा आणि ओल्यावर कोरडा तीन वेळा असं भरतं. कोरड्या दिवसाने सुरू होणाऱ्या जोड्या आठ, त्यातल्या पाच पुन्हा कोरड्यात गेल्या. म्हणजे या नोंदीपुरतं, काल कोरडं असेल तर आज कोरडं राहण्याची संभाव्यता पाच छेद आठ. ओल्याने सुरू होणाऱ्या सहा, त्यातल्या तीन पुन्हा ओल्या, म्हणजे निम्म्या. झाला तुमचा दोन बाय दोनचा तक्ता. प्रत्येक ओळीची बेरीज एक आली पाहिजे, कारण काल जे होतं त्यानंतर आज दोन्हींपैकी काहीतरी एक होणारच. सरांनी पाठ करून घेतलेलं सगळं यात आलं. बाकीचं फक्त बोट ठेवून मोजणं आहे. मी पहिली काही वर्षं मुलांकडून ते पेन्सिलनेच करून घेत असे, संगणकावर नंतर.

पंधरा दिवसांवर कोणी विसंबू नये, हे उघड आहे. एका वर्षाच्या जुलैत वीसेक कोरडे दिवस मिळतात. त्यावरून 'काल कोरडं असेल तर आज ओलं, शंभरात २५' असा आकडा निघाला, तर तो सहज १५ ही असू शकतो, ३५ ही. तीस वर्षांचे जुलै घेतलेत तर ९०० जोड्या होतात आणि तोच आकडा दोन-चार टक्क्यांच्या आत स्थिरावतो. तीस वर्षं म्हणजे ९३० दिवस, मग जोड्या ९२९ का नाहीत? कारण २०१० च्या ३१ जुलैनंतर २०११ ची १ जुलै येत नाही. वर्षं एकाखाली एक चिकटवून सूत्र खाली ओढलं की संगणक ती जोडीही बिनबोभाट मोजतो. प्रबंध तपासताना ही चूक मी इतक्या वेळा लाल शाईने गोल केली आहे की आता आधी तीच शोधतो.

पुढच्या हिशेबासाठी मी चार आकडे धरतो. हे कुठल्याही तालुक्याचे नाहीत, रीत दाखवण्यापुरते घेतले आहेत. तुमचे तुम्ही काढायचे. काल कोरडं असेल तर आज कोरडं शंभरात ७५, ओलं २५. काल ओलं असेल तर आज ओलं ५५, कोरडं ४५.

या तक्त्यात अण्णांचा प्रश्न घाला. आज कोरडं आहे, पुढचे सातही दिवस कोरडे जाण्याची शक्यता किती? सात वेळा ०.७५ मांडून एकमेकांशी गुणा: ०.१३३, शंभरात १३. आता हाच प्रश्न 'प्रत्येक दिवस सुटा, कालचा आजशी संबंध नाही' असं धरून सोडवा. या तक्त्यात दीर्घकाळात शंभरातले साधारण ३६ दिवस ओले पडतात (२५ ला २५ अधिक ४५ ने भागा, म्हणजे २५ छेद ७०), कोरडे ६४. सुटे दिवस धरले तर सात दिवस सलग कोरडे जाण्याची शक्यता शंभरात साडेचार. ओले दिवस तेवढेच, कोरडे दिवस तेवढेच, पण एकमेकांना धरून चालतात म्हणून आठवड्याच्या खंडाचा धोका जवळपास तिप्पट. सरासरी पावसाच्या आकड्यात हा धोका दिसतच नाही. आपल्याकडे "यंदा सरासरीच्या ९८ टक्के पाऊस" अशी बातमी येते आणि त्याच वर्षी निम्मं शिवार दुबार पेरणीला लागलेलं असतं, त्यातली एक गोम ही.

आणि आठ दिवस आधीच कोरडे गेलेत, त्याचं काय? काही नाही. पुढचे सात कोरडे जाण्याची शक्यता तेव्हाही शंभरात १३, आठ दिवसांनंतरही १३. साखळीत खंडाचं वय मोजलं जात नाही. सरासरी खंड चार दिवसांचा (एक छेद ०.२५) आणि पावसाची सरासरी झड सव्वादोन दिवसांची. पण चार दिवस उलटले म्हणून खंड 'संपत आला' असं होत नाही. पाचव्या दिवशीही अजून सरासरी चार दिवस बाकीच असतात. वर्गात हे सांगितलं की कोणीतरी हसायचंच.

उलट्या बाजूने एक इशारा. हा तक्ता हाताशी आला की त्यावरून पुढच्या आठवड्याचा अंदाज सांगायचा मोह होतो. तो आवरा. आज कोरडं असेल तर उद्या पावसाची शक्यता २५. परवाची काढायची तर दोन वाटा धरा, कोरड्यातून कोरडं होऊन ओलं आणि ओल्यातून ओलं: १८.७५ अधिक १३.७५, म्हणजे साडेबत्तीस. तेरवा पावणेपस्तीस, चौथ्या दिवशी पस्तीसच्या थोडं वर. आज ओलं असतं तर हीच रांग ५५, साडेएकेचाळीस, साडेसदतीस, छत्तीस अशी खाली आली असती. दोन्ही रांगा चार-पाच दिवसांत त्या ३६ वर येऊन मिळतात. आज काय होतं हे साखळी तेवढ्यात विसरते. म्हणजे पाचव्या दिवसाबद्दल साखळीकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. तिथे हवामान विभागाचा अंदाजच बघायचा, तो उपग्रह आणि वाऱ्यांवर चालतो. साखळीला विचारायचा प्रश्न वेगळा: शंभर हंगामांत असं किती वेळा होईल? विमा, पेरणीची तारीख, शेततळ्याचं माप, हे सगळे त्या जातीचे प्रश्न.

साखळी कुठूनही सुरू केली तरी शेवटी त्याच ३६ वर येते, ही गोष्ट आज साधी वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रशियात त्यावर कडाक्याचं भांडण झालं होतं. मॉस्कोचे पावेल नेक्रासोव्ह म्हणत, सरासरी स्थिरावायची तर घटना एकमेकींपासून स्वतंत्र असायलाच हव्यात. आणि त्यावरून ते थेट माणसाच्या इच्छास्वातंत्र्यापर्यंत पोचले होते. सेंट पीटर्सबर्गच्या आंद्रे मार्कोव्हना हे गणितात देव आणणं सहन झालं नाही. माणूस तसाही तापट. १९०६ साली त्यांनी दाखवून दिलं की घटना एकमेकींना साखळीने बांधलेल्या असल्या तरी सरासरी स्थिरावू शकते. मग १९१३ साली पुश्किनची 'येव्गेनी ओनेगिन' ही काव्यकादंबरी घेऊन बसले, तिची पहिली २०,००० अक्षरं सलग लिहून काढली आणि स्वर-व्यंजनं मोजली. हातानेच. स्वर ८,६३८, व्यंजनं ११,३६२. स्वरानंतर पुन्हा स्वर येण्याचं प्रमाण ०.१२८, व्यंजनानंतर स्वर येण्याचं ०.६६३. अक्षरं सुटी नाहीत, मागच्याला धरून येतात, याचा असा कोरडा पुरावा. मराठीत तर आणखी सोपं आहे: शब्दाच्या सुरुवातीला 'ळ' येण्याची शक्यता शून्य, शब्दाच्या पोटात मात्र तो हवा तेवढा. तुमच्या मोबाइलवर टाइप करताना पुढचा शब्द सुचवला जातो, त्याच्या मुळाशी हीच मोजणी होती. आताची यंत्रं फारच पुढे गेलीत, पण बी हे.

पावसावर ही साखळी गाजली १९६२ साली. गॅब्रिएल आणि न्यूमन या दोघांनी तेल अवीवच्या सत्तावीस पावसाळ्यांच्या रोजच्या नोंदी घेतल्या. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. काल कोरडं असेल तर आज पाऊस ०.२५०, काल पाऊस असेल तर आज पाऊस ०.६६२. (मार्कोव्हच्या स्वरांचा ०.६६३ आणि हा ०.६६२, यात काही गूढ शोधू नका, योगायोग आहे. एका विद्यार्थ्याने त्यावर अर्धा तास वाद घातला होता.) एवढ्या दोन आकड्यांवरून त्यांना खंडांच्या लांबीचं बऱ्यापैकी खरं चित्र मिळालं. आपल्या मान्सूनवरही मग असंख्य लोकांनी हेच केलं. आपल्याकडे ते दरवेळी तितकं नीट बसत नाही. का ते पुढे सांगतो.

आधी नोंदींबद्दल. तुम्ही विचारलंय की स्वतःला काढता येईल का, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. ओला दिवस कशाला म्हणायचं? भारतीय हवामान विभागाच्या व्याख्येप्रमाणे चोवीस तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस. दोन मिलिमीटरची भुरभुर म्हणजे कोरडा. मोजणी सकाळी साडेआठला होते, म्हणजे आजच्या तारखेला लिहिलेला पाऊस बराचसा कालच्या दुपारचा नि रात्रीचा असतो. साखळीला त्याने फरक पडत नाही, सगळंच एक दिवस सरकतं. पण ती नोंद तुम्ही अण्णांच्या आठवणीशी जुळवायला गेलात तर दोघांत भांडण लागेल.

आता माझी फजिती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कार्यालयातून मला एका तालुक्याच्या पर्जन्यमापकाची जुनी रजिस्टरं मिळाली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे वाळवीने खाल्लेली, प्रत्येक पानावर एक महिना. कोरड्या दिवसापुढे 'निरंक' लिहिलेलं, सुंदर वळणदार अक्षरात. मी पंधरा दिवस बसून सगळं उतरवलं, तक्ता काढला, आणि चकित झालो. या तालुक्यात म्हणे कालचा आजशी फारसा संबंधच नाही! शेजारच्या तालुक्यांत छान साखळी आणि इथे जणू नाणं उडवून पाऊस पडतोय. त्यावर निबंध लिहायला घेतला होता, खोटं कशाला सांगू. सौ. म्हणाली, "तिकडं आभाळ येगळं हाय का?" ते डोक्यात बसलं.

मग दिवसांना वार लावले. रविवारी पाऊस जवळजवळ कधीच नाही. सोमवारी दुप्पट. भर पुष्य नक्षत्रातही रविवार निरंक. मोजणारा कर्मचारी रविवारी सुट्टीवर. नळकांड्यात दोन दिवसांचं पाणी साठायचं आणि सोमवारी एकदम मोजलं जायचं, रविवारी मात्र रकाना मोकळा न सोडता 'निरंक' लिहिलं जायचं. त्याला दोष देत नाही, रकाना मोकळा दिसला तर वरचा साहेब विचारणार. पण त्यामुळे शनिवार-रविवार-सोमवार अशी सलग ओली झड माझ्या वहीत ओ-को-ओ अशी तुटत होती. ओल्यावर कोरडा आणि कोरड्यावर ओला, दोन्ही आकडे खोटे फुगले आणि साखळीचा दुवा पुसट झाला. तेव्हापासून कुठलीही नोंद आली की पहिल्यांदा वारांप्रमाणे बेरीज करतो. पावसाला रविवार कळत नाही. रजिस्टरला कळत असेल तर ते रजिस्टर बाजूला. आताच्या स्वयंचलित केंद्रांत हा प्रकार नाही, तिथे दुसरेच: यंत्र बंद पडलं की कधी कधी कोरी जागा शून्य म्हणून उतरते. भर आषाढात वीस दिवस सलग शून्य आणि शेजारच्या मंडळात पाऊस असं दिसलं की शंका घ्या. महिनाभराची कोरी जागा परवडली, खोटं शून्य नको.

नोंद शुद्ध झाली की मग साखळी कुठे तुटते ते बघता येतं. माझ्या तक्त्यावर १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस चालवले तर एका हंगामात साधारण वीस खंड सुरू होतात, बहुतेक दोन-चार दिवसांचे. दहा दिवस किंवा जास्त चालणारा वर्षाला सरासरी दीड. पंधरा किंवा जास्त दिवसांचा तीन वर्षांतून एकदा. वीस दिवसांचा मात्र बारा वर्षांतून एकदा. हा शेवटचा आकडा मराठवाड्यात कुठल्याही पारावर सांगून बघा, लोक हसतील. आणि त्यांचं हसणं बरोबर आहे. एका दिवसाची आठवण असलेली साखळी लहान खंड चांगले मोजते, लांब खंड कमी दाखवते, हा तिचा जुना, जगभर माहीत असलेला दोष आहे.

कारण आभाळात आहे. मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा मध्य भारतावर असतो आणि बंगालच्या उपसागरातून एकामागून एक प्रणाली सरकतात तेव्हा आपल्याकडे पाऊस चालतो. तोच पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की मधला भारत कोरडा पडतो, आणि ही स्थिती एकदा बसली की चटकन हलत नाही. म्हणजे कालचा दिवस कोरडा होता एवढं कळून पुरत नाही. तो कुठल्या काळातला कोरडा, चालू पावसातली एक दिवसाची उघडीप की खऱ्या खंडातला, हेही कळावं लागतं. वहीत दोन्हींपुढे निरंकच असतं.

याला उपाय तीन-चार आहेत, मी मुख्यतः एकच वापरतो. आधी मागच्या दोन दिवसांवर तक्ता करून बघायचा: ओल्यानंतर एक कोरडा झाला असेल तर पुढे काय, आणि दोन्ही कोरडे असतील तर पुढे काय. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा ठळकपणे मोठा आला तर समजा की कोरडेपणा जुना होईल तसा चिवट होतोय. अण्णांच्या अगदी उलट! चार ओळींचा तक्ता होतो, बाकी रीत तीच. याहून पुढे लपलेल्या अवस्थांची साखळी असते, तीत 'सक्रिय' आणि 'खंड' या अवस्था आपल्याला दिसत नाहीत, फक्त त्यांचा पाऊस दिसतो. ती सुंदर आहे, पण पदवीच्या प्रकल्पाला नको, हात पोळतील.

दुसरी गोष्ट, जूनचा तक्ता आणि ऑगस्टचा तक्ता एक नसतो. हंगामभर एकच तक्ता वापरणं म्हणजे चैत्राचं नि श्रावणाचं ऊन एकच समजणं. महिन्यांप्रमाणे वेगळे तक्ते करा. मी स्वतः महिने सोडून नक्षत्रं घेतो, आणि यावर शहरातले सहकारी मला चिडवायचे. मला त्यात ज्योतिष दिसत नाही, सोय दिसते. सूर्यनक्षत्र साडेतेरा-चौदा दिवसांचं असतं, तारखा दरवर्षी जवळपास त्याच, मृग ७-८ जूनला निघतो. पावसाचा स्वभाव बदलतो तो साधारण तेवढ्याच अवधीने, आणि 'तरण्या' नि 'म्हाताऱ्या' पावसात फरक आहे हे आपल्या लोकांनी तक्ता न काढता ओळखलेलं आहे. निकाल सांगतानाही "पुनर्वसूत खंडाचा धोका इतका" म्हटलं की समोरचा लगेच मान डोलावतो. "५ ते १९ जुलै" म्हटलं की कॅलेंडर शोधतो. वाहन हत्ती आहे की बेडूक, याचा मात्र माझ्या तक्त्यात एकदाही उपयोग झालेला नाही.

आता ज्यासाठी हा खटाटोप, ते. तुमच्या प्रकल्पाला मी सुचवेन ती साखळी ओल्या-कोरड्याची नाही, 'पेरणीनंतर सलग किती दिवस कोरडे' याची. अवस्था अशा: शून्य (आज पाऊस झाला), एक, दोन, तीन, असं करत दहापर्यंत. पाऊस आला की कुठूनही परत शून्यावर. नाही आला तर एक पायरी पुढे. दहा म्हणजे मोड, रोपं वाळून पेरणी वाया, तिथून परत येणं नाही; संख्याशास्त्रात तिला शोषक अवस्था म्हणतात, आपण दुबार पेरणी म्हणू. सापशिडी खेळला असाल तर हेच आहे: कुठल्या घरात आहात एवढंच महत्त्वाचं, तिथे कसे आलात ते नाही. फक्त इथे सापाच्या तोंडी जाणं चांगलं.

ओल्या दिवशी पेरलं आणि रोप दहा दिवसांचा कोरडा ताण सोसू शकत नाही असं धरलं, तर माझ्या तक्त्याने पहिल्या तीस दिवसांत मोड होण्याची शक्यता शंभरात २७ येते. म्हणजे सरासरीने चार हंगामांत एक वेळ. आता आभाळाचा तक्ता तसाच ठेवा, एकही आकडा हलवू नका, फक्त दहाच्या जागी पंधरा लिहा: रोप पंधरा दिवस तग धरतं. शक्यता शंभरात ५ वर येते. २७ चे ५! मी पहिल्यांदा हे उत्तर काढलं तेव्हा कागद दोनदा तपासला होता. दहाचे पंधरा कशाने होतात हे मी कृषीच्या विद्यार्थिनीला सांगायची गरज नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत ओल खोल गेल्याशिवाय तिफण लावू नका असं कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगतं, ते याचसाठी. रुंद वरंबा-सरीवर पेरणी, भारी जमीन, पुढे कोळपणी करून ओल टिकवणं, सगळं त्याच एका आकड्याला वर ढकलतं. मृगाच्या पहिल्या तीस-चाळीस मिलिमीटरवर चाड्यावर मूठ धरणारा शेतकरी वेडा नसतो, उशीर झाला तर उत्पन्न घटतं हे त्याला माहीत असतं. पण तो जो डाव खेळतो त्यात हरण्याची शक्यता २७ आहे की ५, हे त्याला कोणी आकड्यात सांगितलेलं नसतं. तुमचा प्रकल्प गंगाखेडच्या खऱ्या नोंदींवर हेच दोन आकडे काढून देईल, प्रत्येक नक्षत्रासाठी एक जोडी. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

राहता राहिली तुमच्या रानातली आजची स्थिती. आठ दिवस गेलेत. जमीन मुरमाड असेल आणि दहा दिवसांचीच ताकद असेल, तर अजून दोन दिवस कोरडे जाऊन मोड होण्याची शक्यता माझ्या तक्त्याने ०.७५ चा वर्ग, शंभरात ५६. काळी भारी जमीन असेल आणि पंधरा दिवस निघणार असतील, तर अजून सात दिवस, म्हणजे शंभरात तेच १३. शेत तेच, आभाळ तेच. तेव्हा संध्याकाळी अण्णांना घेऊन रानात जा, चार-पाच ठिकाणी तासात बी पडलंय तिथली माती बोटाने उकरा, ओल किती खोलीवर लागते आणि तिचा लाडू वळतो का ते बघा. बी फुगलंय की कोंब वर आलाय तेही लिहा. हे मला कळवलंत की दोन्हीतला कुठला आकडा उचलायचा ते सांगतो. दुबारचं बियाणं आजच आणायचं की आठवडाभर थांबायचं, ते त्यावरून ठरवता येईल.